इंधन आपलं, ठिणगी जाणत्याची

नमस्कार. इंजिनात बदल केलेले लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात. टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) बसवलाय, इंधन फवारणारे इंजेक्टर मोठे घातलेत, आता ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं, ट्यूनिंग स्वतः करू की पैसे देऊन करून घेऊ? मी हे काम स्वतःच्या गाडीवर केलंय, दुसऱ्याकडून करून घेतलंय, आणि त्यात एक इंजिन गमावलंयही. म्हणून उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो: कशाचं ट्यूनिंग? कारण इंधन किती सोडायचं हा एक प्रश्न आहे आणि ठिणगी कधी पाडायची हा दुसरा. या दोन कामांतल्या चुका सारख्या नसतात.

ही कामं मुळात एका पेटीत नव्हतीच. बॉशची डी-जेट्रॉनिक १९६७ मध्ये फोक्सवॅगनमध्ये आली ती फक्त इंधन मोजायची. ठिणगी डिस्ट्रिब्यूटर हा इंजिनाबरोबर फिरणारा भागच सांभाळायचा. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये मोट्रॉनिक आली आणि दोन्ही कारभार एकाच संगणकाकडे गेले. पुढे २००१ च्या सुमारास ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो यांनी हौशी लोकांसाठी घरी सोल्डर करून जोडायचा मेगास्क्वर्ट हा ईसीयू काढला. तोही सुरुवातीला केवळ इंधनाचाच होता. हौशी माणसानं कुठून सुरुवात करावी, याचं उत्तर मला त्यात दिसतं.

आधी इंधन बघू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात. आकडा १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त, मिश्रण रिच; १ पेक्षा जास्त म्हणजे इंधन कमी, मिश्रण लीन. आरामात गाडी चालवताना त्याच्या आसपास राहायचं; पूर्ण थ्रॉटलला, म्हणजे पेडल पूर्ण दाबल्यावर, मिश्रण रिच करायचं, साध्या इंजिनाला ०.८६-०.८८ च्या जवळ, टर्बोला आणखी रिच, ०.८ च्या आसपास. धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा वाइडबँड सेन्सर सायलेन्सरच्या पाइपात बसवला की हा आकडा समोर दिसतो. कंपनीच्या साध्या, नॅरोबँड सेन्सरवर यासाठी विसंबू नका. त्याला मिश्रण १ च्या अलीकडे आहे की पलीकडे एवढंच कळतं, किती ते कळत नाही.

मॅप म्हणजे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) आणि लोड (इंजिनावरचा भार) यांचा तक्ता. सोळा बाय सोळाचा असेल तर २५६ घरं. एका घरात ईसीयूला ०.९५ हवं असेल आणि सेन्सर १.०२ दाखवत असेल, तर त्या घरात साधारण सात टक्के इंधन वाढवायचं. त्रैराशिकाचंच गणित आहे. हलक्या लोडवर दोन-चार टक्के चुकलात तरी काही तुटत नाही. मोजा, बदला, पुन्हा मोजा. चूक ताबडतोब दिसते, म्हणून हे शिकता येतं. गाडी मात्र दुसऱ्यानं चालवायची आणि तुम्ही लॅपटॉप घेऊन बाजूला बसायचं, तेही मोकळ्या, बंदिस्त ट्रॅकवर. एका हातात स्टिअरिंग आणि डोळे स्क्रीनवर, हे मी कुणालाही करू देणार नाही.

यातही फसायच्या जागा आहेत. सेन्सरच्या आधी पाइपाला बारीक गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि मिश्रण लीन नसताना लीन दिसतं. इंजिन मिसिंग करत असेल, म्हणजे अधूनमधून मिश्रण पेटतच नसेल, तर न जळलेला ऑक्सिजन तसाच बाहेर येतो. सेन्सर म्हणतो लीन, आपण इंधन वाढवतो, मिसिंग आणखी वाढतं. नवे इंजेक्टर घातले असतील तर त्यांचा उघडायला लागणारा वेळ आधी नीट भरा. तो मिलिसेकंदाच्या आसपास असतो आणि बॅटरीचा व्होल्टेज पडला की वाढतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन मंद चालतं तेव्हा, इंजेक्टर जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद उघडा राहतो, त्यामुळे तो एक मिलिसेकंद चुकला की आयडल कधीच बसत नाही. मग माणूस मॅपची घरं उगाच खालीवर करत बसतो.

आता ठिणगी. पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची, याचा दुसरा तक्ता असतो. हे अंश, म्हणजे ॲडव्हान्स, वाढवत गेलं की टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) वाढतो, एका टप्प्यावर सपाट होतो, मग पडू लागतो. साध्या इंजिनात आणि चांगल्या पेट्रोलवर बऱ्याचदा तो सपाट टप्पा हाती लागतो. टर्बो इंजिनात पूर्ण बूस्टला, म्हणजे टर्बोच्या पूर्ण दाबाला, बहुतेक वेळा तो टप्पा येण्याआधीच नॉकिंग (ज्वाळा पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप भडकणं) सुरू होतं. म्हणजे नॉकिंग होत असतानाही टॉर्क वाढतच असतो. गाडी चालवणाऱ्याला पिकअप सुधारलेला जाणवतो आणि त्याच क्षणी आत पिस्टनवर घाव बसत असतात.

माझ्या बाबतीत नेमकं हेच घडलं. इंधनाचा मॅप महिनाभर खपून छान बसवला होता, त्यामुळे हात मोकळा झाला होता. टॉर्क सर्वांत जास्त असतो त्या पट्ट्यात मी तीन अंश वाढवले. गाडी सुसाट पळाली, मला फार आनंद झाला. लॅम्डा अगदी हवा तसा होता. दहा-बारा दिवसांनी तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत तयार होणारा दाब) पडलं. इंजिन उघडलं तेव्हा दोन रिंगांमधला पिस्टनचा कठडा तुटलेला. माझ्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदलेल्या आकड्यांत, चूक कुठेच नव्हती, कारण ज्या गोष्टीनं इंजिन मेलं ती मी मोजतच नव्हतो.

पैसे द्यायचे ते याच कामाचे. लोडवाल्या डायनोवर (चाकांना भार देऊन टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) गाडी चार हजार आरपीएमला धरून ठेवता येते, एकेक अंश वाढवत टॉर्कचा काटा बघता येतो. ट्रॅकवर तेच घर क्षणार्धात मागे पडतं. जाणता ट्यूनर ब्लॉकवर बसवलेल्या सेन्सरचा आवाज हेडफोननं ऐकतो. ८६ मिलिमीटर बोअरच्या इंजिनात नॉकिंगचा आवाज साडेसहा-सात किलोहर्ट्झच्या आसपास येतो. फोर्ज्ड पिस्टनची थंडीतली खडखड, व्हॉल्व्हचा आवाज आणि हा आवाज यांतला फरक ओळखायला कान तयार व्हावा लागतो. अनेक इंजिनं ऐकलेला कान एका गाडीवर शिकणाऱ्याला कुठून मिळणार?

नव्या गाडीतला कंपनीचाच ईसीयू असेल तर मी इंधनालाही हात लावायला सांगणार नाही. तिथे सारा हिशेब टॉर्कच्या अंदाजावर चालतो, तक्ते एकमेकांत गुंतलेले असतात. एक ओढला की भलताच हलतो.

ट्यूनरकडे जाताना गाडी तयार करून न्या. कॉम्प्रेशन तपासा, हवेची गळती बंद करा, नवे प्लग घाला, आणि टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकणारा दिवा) लावून ईसीयू सांगतो तेवढ्याच अंशांवर ठिणगी पडते का ते बघा. पेट्रोल रोज भरता तेच भरून न्या. त्याला विचारा, शेवटी फाइल आणि लॉग मला देणार का? देत नसेल तर दुसरा शोधा. परत आलेला ठिणगीचा तक्ता नीट वाचा, तुमच्यापेक्षा त्यानं कुठे अंश कमी ठेवले ते बघा. मी माझा जुना तक्ता शेजारी ठेवून पाहिला, तेव्हा ज्या पट्ट्यात मी तीन अंश वाढवले होते तिथेच त्यानं दोन अंश कमी केलेले दिसले.

एक काम मात्र कुठलाही ट्यूनर तुम्हाला पूर्ण करून देऊ शकत नाही, ते म्हणजे थंड इंजिन सुरू होणं. रात्रभर गार झालेल्या इंजिनाची पहिली किल्ली दिवसातून एकदाच मिळते. पाच अंश तापमानाला वेगळं इंधन लागतं, वीस अंशांना वेगळं, तीसला आणखी वेगळं. डायनोवर इंजिन दिवसभर तापलेलंच असतं. माझ्या गाडीचा हा तक्ता बसवायला ऋतू बदलेपर्यंत वेळ लागला. सकाळी लॅपटॉप जोडायचा, किल्ली फिरवायची, पहिले दहा सेकंद लॉग करायचे, एक आकडा बदलायचा आणि उद्याची वाट बघायची.