पोस्ट-इमर्जन्सी

सकाळचे आठ. सरकारी हॉस्पिटलमधला मेडिसिनचा वॉर्ड, सगळे बेड फुल्ल, दोन बेडच्या मधे खाली गाद्या टाकल्यात आणि त्यावर पण पेशंट. काल सकाळपासून या युनिटची इमर्जन्सी होती, म्हणजे तातडीचे नवे पेशंट याच युनिटकडे, रात्रभर अ‍ॅडमिशन चालू होत्या, आणि ज्या जेआर वनने, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरने, रात्रभर सलाईन लावल्या, सॅम्पल काढली, ब्लड बँकेच्या खेपा घातल्या, तोच आता फाइली घेऊन राउंडला उभाय. त्यानंतर डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफीच्या तारखा, संध्याकाळचा राउंड. सलग 36 तास असे सहज निघून जातात.

आता हे बघा. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाचे हात आणि लक्ष रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखं चालतं, हे 1997 सालीच प्रयोग करून दाखवलंय, आणि 24 तासांनंतर ते 0.10 च्या आसपास जातं. आपल्याकडे 0.03 च्या वर गेलात तर गाडी चालवणं गुन्हा आहे. वॉर्डात मात्र त्याच अवस्थेत इन्सुलिनचा डोस लिहिला जातो.

पण नुसता थकवा म्हणजे बर्नआउट नाही. थकलेला माणूस दोन दिवस झोपला की ताजा होतो. बर्नआउटमधे सुट्टीवरून परत आलं तरी पहिल्याच सकाळी पोटात गोळा येतो. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1981 साली हे मोजायची प्रश्नावली आणली, त्यात तीन गोष्टी बघतात, आतून रिकामं होणं, समोरच्या माणसाबद्दल काहीच न वाटणं, आणि आपण काही कामाचे नाही असं वाटायला लागणं. यातली दुसरी वॉर्डात सगळ्यात आधी दिसते. पेशंटचं नाव जातं आणि "चौदा नंबरचा लिव्हर" उरतो. गावाकडून आलेली म्हातारी तिसऱ्यांदा विचारते, डॉक्टर, आमचा मुलगा बरा होईल ना, आणि हा जेआर तिच्यावर खेकसतो. हाच जेआर पहिल्या महिन्यात पेशंटसाठी स्वतःच्या पैशाने औषध आणत होता. तो वाईट झालेला नाही, त्याच्याकडे द्यायला काही शिल्लकच राहिलेलं नाही, आणि हे त्याच्या घरच्यांना पण कळत नाही कारण फोनवर तो "बिझी आहे, नंतर बोलतो" एवढंच बोलतो.

गंमत नाही, पण बर्नआउटवर 1974 साली पहिल्यांदा नीट लिहिणारे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर स्वतःच न्यूयॉर्कमधल्या एका फुकट क्लिनिकमधे दिवसभराची प्रॅक्टिस संपवून रात्री काम करायचे. ज्यांना कामाची सगळ्यात जास्त आस्था असते तेच यात आधी सापडतात, हे त्यांनी तेव्हाच मांडलं. म्हणून "तू स्ट्राँग हो" हा सल्ला मला खरंच क्रूर वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने पण 2019 साली बर्नआउटला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणच्या, नीट न हाताळलेल्या ताणाशी जोडलं. म्हणजे दुरुस्ती तिथेच करायला हवी.

आणि नियम नाहीत असं नाहीये. 1992 च्या केंद्र सरकारच्या आदेशात निवासी डॉक्टरांना साधारणपणे सलग 12 तास आणि आठवड्याला 48 तासांपेक्षा जास्त ड्युटी नको असं लिहिलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या पदव्युत्तर नियमांत आकडाच नाही, फक्त "वाजवी तास" आहेत. मग 2024 मधे त्याच आयोगाच्या टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त 74 तास आणि एक सुट्टी सुचवली. 48 वरून 74, आणि तेही पाळले गेले तर खूप झालं असं म्हणायची वेळ.

बाहेर कसं पडायचं? आधी झोप, कारण झोपेशिवाय बाकी काहीच लागू पडत नाही. मग एक तरी माणूस ज्याच्याशी खरं बोलता येईल, को-रेसिडेन्ट असो की घरचं कुणी. आणि घाई नको, हे आठवड्यात भरून येत नाही, महिने लागतात. पण वॉर्डाबाहेर पण काहीच गोड लागत नसेल, आवडीची मॅच लावून पण नजर भिंतीकडेच जात असेल, जगणं नको वाटत असेल तर ते डिप्रेशन असू शकतं, तेव्हा सायकियाट्रिस्टकडे जायचं, त्याच हॉस्पिटलमधे लाज वाटत असेल तर बाहेर जा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि सिनियर, लेक्चरर, युनिट हेड, तुम्हाला एक सांगणं आहे. पोस्ट-इमर्जन्सीच्या दिवशी, म्हणजे इमर्जन्सीच्या दुसऱ्या दिवशी, राउंड संपला की दुपारी हॅन्डओव्हर घ्या आणि त्या पोराला, त्या पोरीला हॉस्टेलवर पाठवा, उरलेली डिस्चार्ज कार्ड दुसऱ्या कुणीतरी लिहावीत. याला नवीन बिल्डिंग लागत नाही, निधी लागत नाही, युनिटचा रोस्टर बदलावा लागतो, आणि तो तुमच्याच सहीने निघतो.