पाच सेकंद आणि सव्वानऊ तास

[दृश्य: बीजिंग ऑलिंपिक, १९ ऑगस्ट २००८. पुरुषांची ट्रायथलॉन शर्यत. जलाशयाकाठचा रस्ता, कडेला गर्दी.]

पावणेदोन तास होऊन गेलेत. दीड किलोमीटर पोहून झालं, ४० किलोमीटर सायकल झाली, १० किलोमीटर धावणंही संपत आलंय. मिंग राजांच्या थडग्यांजवळच्या या जलाशयाकाठी आता पुढे चौघंच आहेत. पदकं मात्र तीन.

सगळ्यांच्या नजरा स्पेनच्या हाव्हिएर गोमेझवर. त्या वर्षीचा जगज्जेता तोच. पण मागे पडलेला कॅनडाचा सायमन व्हिटफिल्ड पुन्हा येऊन मिळतो आणि डोक्यावरची टोपी भिरकावून देऊन सुसाट सुटतो. सुवर्ण त्याचंच, असं वाटत असताना मागून एक उंच जर्मन येतो. सहा फूट चार इंच, लांबच लांब ढांगा. शेवटच्या टप्प्यात तो व्हिटफिल्डला गाठतो आणि निघून जातो.

१ तास ४८ मिनिटं ५३ सेकंद. व्हिटफिल्ड ५ सेकंदांनी मागे. गोमेझ चौथा, रिकाम्या हातानं.

या जर्मनाचं नाव यान फ्रोडेनो. आदल्याच दिवशी, १८ ऑगस्टला, त्याचा सत्ताविसावा वाढदिवस होता. त्याच दिवशी याच जलाशयावर महिलांची शर्यत झाली आणि ऑस्ट्रेलियाच्या एमा स्नोसिलनं सुवर्ण जिंकलं. पुढे या दोघांचं लग्न झालं. एका घरात एकाच ऑलिंपिकची ट्रायथलॉनची दोन्ही सुवर्णं. कपाटाच्या कुठल्या खणात कुणाचं, यावरून वाद होत असतील का, कोण जाणे.

[दृश्य: केपटाऊनचा समुद्रकिनारा.]

फ्रोडेनो जन्मला कोलोनमध्ये, १९८१ साली. वाढला मात्र दक्षिण आफ्रिकेत. पोहणं आणि समुद्रावरच्या जीवरक्षकांच्या स्पर्धा, हे त्याचं पोरवय. २००० साली सिडनीत ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, आणि ते बघून या मुलाला त्याचं वेड लागलं.

सिडनीत काय झालं होतं? शेवटच्या टप्प्यात एक कॅनेडियन मागून आला आणि पुढे असलेल्या जर्मनाला टाकून सुवर्ण घेऊन गेला. तो जर्मन होता श्टेफान वुकोविच. आणि तो कॅनेडियन? सायमन व्हिटफिल्ड.

आठ वर्षांनी हिशेब असा चुकता झाला.

पोरगा जर्मनीत परतला, झारब्रुकनमध्ये राहून सराव केला आणि बीजिंगला पोचला. त्यानंतरची वर्षं तेवढी चमकदार नव्हती. लंडन २०१२ मध्ये तो सहावा आला. मग त्यानं अंतर बदललं.

[दृश्य: हवाई. काळ्या लाव्हाच्या माळरानातून जाणारा सरळसोट रस्ता.]

आयर्नमॅन हा शब्द आपल्याकडे घरोघरी पोचला तो मिलिंद सोमणमुळे. २०१५ साली झुरिकची शर्यत त्यानं पूर्ण केली तेव्हा. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. गोव्यात होते ती याच्या निम्मी. जगज्जेतेपदाची शर्यत वर्षानुवर्षं हवाई बेटावरच्या कोना इथं भरत आली. वारा कुठून येईल सांगता येत नाही, सावली नावाला नाही, आणि काळा दगड खालून भाजून काढतो.

फ्रोडेनो २०१४ मध्ये तिथं पहिल्यांदा उतरला. टायर पंक्चर झालं, वर दंड म्हणून काही मिनिटं उभं राहावं लागलं, तरी तिसरा आला. २०१५ मध्ये जिंकला. ऑलिंपिक सुवर्ण आणि आयर्नमॅनचं जगज्जेतेपद, दोन्ही मिळवणारा पहिला माणूस. २०१६ मध्ये पुन्हा जिंकला. त्याच वर्षी जुलैमध्ये बव्हेरियातल्या रोट गावी ७ तास ३५ मिनिटं ३९ सेकंद अशी तोवरची सर्वांत वेगवान वेळ दिली.

तो काळच जर्मनांचा होता. २०१४ ला सेबास्टियन कीनले, दोनदा फ्रोडेनो, मग दोनदा पॅट्रिक लांगे, २०१९ ला पुन्हा फ्रोडेनो. सहा वर्षं कोनामध्ये पुरुषांत दुसऱ्या देशाचा कुणी जिंकलाच नाही.

[दृश्य: कोना, २०१७. पाण्याचे पेले, बर्फ, रस्त्याच्या कडेला चालणारा माणूस.]

मला मात्र यातलं २०१७ सालच जास्त आठवतं.

सलग तिसरं विजेतेपद घ्यायला तो आला होता. पोहणं झालं, सायकल झाली. धावणं सुरू होऊन थोडा वेळ गेला नाही तोच पाठ धरली. तो थांबला. वाकून बघितलं, रस्त्यावर आडवा होऊन ताण देऊन बघितला. काही केल्या सुटेना.

अशा वेळी व्यावसायिक खेळाडू सहसा गाडीत बसतात. त्यात लाज नाही. शरीर हेच भांडवल, ते पुढच्या शर्यतीसाठी राखायचं असतं. फ्रोडेनो चालू लागला. थोडं धावायचं, पुन्हा चालायचं. ज्यांना त्यानं सकाळी पाण्यातच मागे टाकलं होतं ते एकेक करून पुढे जात होते. पुढे लांगे जिंकूनही गेला. फ्रोडेनो ९ तास १५ मिनिटं आणि ४४ सेकंदांनी आला. पस्तिसावा.

पुढच्या वर्षी कमरेजवळच्या हाडात बारीक फ्रॅक्चर निघालं आणि कोना हुकलं. २०१९ मध्ये परतला तो ७ तास ५१ मिनिटं १३ सेकंदांचा विक्रम घेऊन. दुसरा आलेला टिम ओडॉनेल आठ मिनिटांहून जास्त मागे होता.

[दृश्य: घरातली खोली. स्टँडवर सायकल, बाजूला ट्रेडमिल.]

एप्रिल २०२०. स्पेनमध्ये कडक टाळेबंदी, जिरोनाच्या घरातून बाहेर पडायची सोय नाही. यानं घरातच आख्खी आयर्नमॅन केली. उलट्या प्रवाहाच्या छोट्या तलावात जागच्या जागी ३.८ किलोमीटर, मग स्टँडवरच्या सायकलवर १८० किलोमीटर, मग ट्रेडमिलवर मॅरेथॉन. साडेआठ तासांहून जास्त वेळ, आणि अंतर काटलं शून्य. बायको नक्कीच म्हणाली असेल, एवढा वेळ आहे तर जरा आवराआवर कर. गमतीचा भाग सोडा, त्यातून मदतकार्यासाठी दोन लाख युरोंहून अधिक रक्कम उभी राहिली.

[दृश्य: नीस, सप्टेंबर २०२३. समुद्रकाठचा रस्ता.]

त्या वर्षी पुरुषांची जगज्जेतेपदाची शर्यत हवाईहून फ्रान्समधल्या नीसला आली. फ्रोडेनो ४२ वर्षांचा. आदलं वर्ष दुखण्यांत गेलं होतं, आणि ही शेवटची, हे त्यानं आधीच सांगून टाकलं होतं. जिंकला २४ वर्षांचा सॅम लेडलो. फ्रोडेनो सिडनीतली शर्यत बघत होता तेव्हा लेडलो पाळण्यातून नुकता उतरला असेल.

आपला माणूस आला चोविसावा. या खेपेला पळत.