बांधीतला धोंडा

(दृश्य: गोंदिया जिल्ह्यात, आमगावकडची धानाची बांधी, मधोमध उघडा खडक)

ट्रॅक्टर इथवर येतो आणि वळसा घालून जातो. धोंडा काही हलत नाही. कापणीला याच्यावर शिदोऱ्या सुटतात, पोरं चमचमतं अभ्रक नखानं खरवडतात.

(अगदी जवळून: खडकावर हाताचा पंजा)

गुलाबी फेल्डस्पार, राखाडी गारगोटी, काळं अभ्रक. साध्या ग्रॅनाइटमध्ये हे दाणे कसेही पसरलेले असतात. इथं ते एकाच दिशेनं ओढल्यासारखे, पट्ट्यापट्ट्यांचे. खडक खोलवर तापला, दाबला गेला, म्हणून हा नाइस झाला. भूशास्त्रात याचं नावच आमगाव नाइस.

हा बस्तरच्या प्राचीन भूखंडाचा पाया. उत्तरेला बुंदेलखंडाचा भूखंड. दोन्ही कधीकाळी वेगळे होते. एकमेकांवर आदळून गोधडीच्या तुकड्यांसारखे सातपुड्याच्या रेषेत जोडले गेले. ही शिवण शोधायची, तर वाटेतल्या प्रत्येक ग्रॅनाइटला विचारावं लागतं: तू टकरीच्या आधीचा, की नंतरचा?

उत्तर झिरकॉनमध्ये असतं. डोळ्याला जेमतेम दिसेल असा हा खनिजाचा कण. खडक थिजताना त्यात युरेनियम अडकतं आणि हळूहळू शिसं होत जातं. त्यातलं मुख्य युरेनियम निम्मं व्हायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. दोघांचं प्रमाण मोजलं की वय निघतं. सालेकशाकडचा डोंगरगड ग्रॅनाइट २०० कोटी वर्षांहून जुना, म्हणजे दक्षिणेकडच्या तुकड्याचाच. सीमेपलीकडे मध्य प्रदेशात, बालाघाटातल्या तिरोडी नाइसमध्ये मात्र सुमारे १६० कोटींचे झिरकॉन सापडतात. टकर नेमकी केव्हाची, यावर अभ्यासक अजून भांडतात, भांडू द्या.

(दृश्य: मनसरची मॅंगनीज खाण)

शिवणीत समुद्रही चिणला गेला. मनसर, डोंगरी बुजुर्गचं मॅंगनीज मुळात समुद्रतळावरचा गाळ. दाबानं त्यातूनच मॅंगनीजच्या गार्नेट या खनिजाचा खडक झाला. फर्मर या भूशास्त्रज्ञानं त्याला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' म्हटलं. नाव जगभर गेलं, गोंडांच्या गावात मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

(दृश्य: वर्ध्याकडची काळी माती)

नागपूरच्या पश्चिमेला सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हानं सगळं झाकलंय. तिथं खणलं की काळा बसाल्टच लागतो. शिवण त्याच्याखाली पुढं गेलीय, पण हात लावायला मिळत नाही.

(दृश्य: पुन्हा बांधी, ट्रॅक्टर वळतो)