निम्म्या हंगामात कोण कितवा?

(कोलंबस, ओहायो इथे कोजागिरीच्या कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

कोजागिरी शनिवारी करायची की रविवारी, यावर आपल्या कार्यकारिणीत दरवर्षी वाद होतो आणि दरवर्षी रविवार जिंकतो. ज्या शनिवारी या गावात लाखभर माणसं ओहायो स्टेट विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा सामना बघायला स्टेडियमकडे निघालेली असतात, त्या दिवशी मसाला दुधाचं पातेलं गाडीत घालून कोण बाहेर पडणार?

रविवारी दुपारी देशभरच्या विद्यापीठांच्या संघांची नवी क्रमवारी येते आणि घरातली पोरं विचारतात, "बाबा, आपण कितवे?" या "आपण"वर मी काही बोलत नाही. मी संख्याशास्त्राचा माणूस. मला अडतं ते "कितवे"पाशी.

आयपीएलची गुणतालिका लावायला कुणाची समिती लागत नाही. दहा संघ, प्रत्येकाचे 14 सामने, सगळे एकमेकांशी खेळतात. इथे 2024 साली वरच्या विभागात 134 संघ होते. प्रत्येकाला प्रत्येकाशी एकदा खेळवायचं म्हटलं तर 8,911 सामने लागतील. प्रत्यक्षात आपापसातले आठशेही होत नाहीत. एकेका संघाच्या वाट्याला साधारण बारा येतात. आज निम्मा हंगाम होत आलाय, म्हणजे हाताशी पाच-सहाच. त्यातही पहिले दोन-तीन बऱ्याचदा दुबळे संघ पैसे देऊन घरी बोलावून खेळलेले. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर अकरावा कोण आणि चौदावा कोण हे छातीठोकपणे सांगणं म्हणजे पहिल्या चाचणीवरून बोर्डाचा निकाल लावणं.

तरी लावतात. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था 1936 पासून दर आठवड्याला पत्रकारांची मतं घेते. प्रत्येक जण पंचवीस नावं लिहितो, पहिल्याला 25 गुण, शेवटच्याला 1. ही कल्पना ज्यांची, त्या ॲलन गोल्ड यांनी आदल्याच वर्षी स्वतःची यादी केली होती आणि मिनेसोटा, प्रिन्सटन, सदर्न मेथडिस्ट अशा तिघांना मिळून पहिलं ठेवलं होतं. मिनेसोटावाले भडकले. शनिवार ते शनिवार लोकांनी भांडत राहावं हाच आपला हेतू होता, असं गोल्ड यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. मला हा माणूस आवडतो. निदान तो खोटं बोलला नाही.

आता गणिताकडे. घाबरू नका, दूध आटेपर्यंत संपवतो. वेस्ली कॉली नावाच्या खगोलभौतिकीच्या माणसाने एक साधी रीत काढली. एकही सामना न खेळलेल्या संघाला अर्धा गुण. म्हणजे ठाऊक नाही, तेव्हा मधोमध उभं करा. मग जिंकलेले सामने अधिक एक, भागिले खेळलेले सामने अधिक दोन. सहापैकी सहा जिंकले तर सात अष्टमांश. पण समोर कोण होतं हेही त्यात धरायचं. समजा, एका संघाने सहाही जिंकले, पण प्रतिस्पर्ध्यांचा सरासरी गुण 0.3. दुसऱ्याने पाच जिंकले, एक हरला, पण प्रतिस्पर्धी सरासरी 0.7 चे. कॉलीच्या सूत्रात पहिल्याला 0.725 मिळतात आणि दुसऱ्याला 0.9. हरलेला वर! पोरांना हे पटत नाही. आपल्याला पटायला हवं, कारण सोप्या पेपरात पैकीच्या पैकी म्हणजे काय हे आपण जाणतो.

गोम अशी की प्रतिस्पर्ध्याचा गुण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांवर अवलंबून, त्यांचा आणखी कुणावर. सगळी समीकरणं एकदम सोडवावी लागतात. त्यामुळे कुठल्या तरी कोपऱ्यातला सामना वर हलतो. 2010 मध्ये हे दिसलं. तेव्हा अंतिम जोडी ठरवणाऱ्या क्रमवारीत सहा संगणकी पद्धती होत्या, कॉलींची त्यांतली एक. त्यांच्या आकड्यांत खालच्या विभागातला एक सामना भरायचा राहून गेला. तो भरल्यावर बॉइझी स्टेट आणि लुइझियाना स्टेट यांची दहाव्या-अकराव्या जागेवर अदलाबदल झाली. चूक सापडली, कारण कॉलींनी आपली रीत उघड केली होती. माणसाच्या डोक्यातलं सूत्र असं तपासता येत नाही.

आणि माणसाच्या डोक्यात काय असतं? ऑगस्टमधली यादी. एकही चेंडू फेकला जाण्याआधी केलेली. तिच्यात वर असलेला संघ हरला की चार पायऱ्या उतरतो. तिच्यात नसलेल्याला तेवढ्याच कामगिरीवर चार आठवडे चढावं लागतं. माझं स्पष्ट मत आहे की ऑक्टोबरच्या आधी क्रमवारी काढूच नये. ऐकणार कोणी नाही.

ऑक्टोबरातली तरी कुठे टिकते? 2007 च्या ऑक्टोबरात साउथ फ्लोरिडा दुसऱ्या क्रमांकावर पोचलं आणि ओळीने तीन सामने हरलं. त्या वर्षीचं विजेतेपद दोन सामने हरलेल्या लुइझियाना स्टेटला. 2014 साली बाद फेरीसाठी चार संघ निवडणाऱ्या समितीने ऑक्टोबरअखेर पहिली यादी दिली, तेव्हा आपलं ओहायो स्टेट सोळावं होतं. सप्टेंबरात घरच्या मैदानावर व्हर्जिनिया टेककडून हरलेलं. जानेवारीत तिसऱ्या पसंतीचा क्वार्टरबॅक (म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) घेऊन त्यांनी ओरेगनला 42-20 हरवलं. समिती ऑक्टोबरात चुकली होती का? मला नाही वाटत. तेव्हा हाती जेवढं होतं, त्यात सोळावाच बसत होता.

खरा घोळ वेगळा आहे. एकाच आकड्यात आपण दोन प्रश्न कोंबतो. आजवर कमावलं किती, आणि उद्या मैदानात उतरला तर भारी कोण? 2023 मध्ये फ्लोरिडा स्टेट तेराच्या तेरा जिंकलं, पण त्यांचा क्वार्टरबॅक जायबंदी झाला होता. समितीने त्यांना चौघांतून वगळून एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं. वर्षभर पहिल्या प्रश्नाचं उत्तर देत आलेली यादी शेवटच्या रविवारी दुसऱ्याचं देऊ लागली. तिकडे त्यांच्या गावी, तालाहासीत, अजून जखम ओली असणार.

2024 पासून बारा संघांना जागा मिळते. त्याच वर्षी नोत्र दाम सप्टेंबरात नॉर्दर्न इलिनॉयकडून घरी हरलं आणि तरी अंतिम सामन्याला पोचलं. समोर आपणच होतो, कट्टर प्रतिस्पर्धी मिशिगनकडून घरी 13-10 हरून आलेलो. (बघा, "आपण" माझ्याही तोंडात बसलं.) चार जागा होत्या तेव्हा पाचवा रडायचा, आता तेरावा रडतो.

म्हणून घरी मी क्रमांक लावत नाही, पंगती लावतो. पहिल्या पंगतीत चार-पाच, दुसरीत आठ-दहा, बाकीचे मांडवात. कोण कुठल्या पाटावर, हे नोव्हेंबरअखेर ठरू दे. मुलगा म्हणतो, ही पळवाट आहे. असेल.

एक सूचना सचिवांनी द्यायला सांगितली आहे. मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठात पाट्यांवरचा प्रत्येक "एम" लाल फुलीने झाकतात. आपल्या मंडळाच्या नावात "एम" कमी नाहीत. फलक तेवढे दिवस आत ठेवायचा आहे.