सातशे एकरांमागे एक तंबू

[दृश्य: विमानातून दिसणारा पिवळा माळ. मध्येच काटेरी कुंपणाचा गोल, त्यात गुरं.]

नैरोबीच्या विल्सन विमानतळावर आधी सामान तोलतात. माणशी साधारण पंधरा किलो, आणि तेही मऊ पिशवीत. पाऊण-एक तासाने विमान उतरतं ते मुरमाच्या पट्टीवर, आणि पट्टीवर झेब्रे चरत असतील तर आधी गाडी पळवून त्यांना हुसकावावं लागतं.

मसाई मारा म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना ऑगस्टमधली नदी आठवते. काठावर विल्डबीस्टचे कळप, पाण्यात मगरी आणि मागे गाड्यांची रांग. ते सुमारे १५१० चौरस किलोमीटरचं राखीव क्षेत्र नारोक काउंटीचं सरकार सांभाळतं. आपण उतरलोय त्याच्या उत्तरेला, नाबोइशो कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे जमीनमालकांनी वन्यप्राण्यांसाठी मोकळ्या ठेवलेल्या खासगी जमिनीवर. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही. गवत तेच, सिंहही तेच. फरक आहे तो मालकीचा. नाबोइशोची सुमारे पन्नास हजार एकर जमीन पाचशेहून अधिक मसाई कुटुंबांच्या नावावर आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर हे जंगल पाचशे सातबाऱ्यांचं आहे.

[दृश्य: कॅम्प. लाकडी ओटा, त्यावर कापडी तंबू.]

हा आपला तंबू. तंबू म्हणायचं खरं, पण आत पलंग आहे, लिहायचं टेबल आहे, वाहत्या पाण्याचा संडास आहे. सिमेंट मात्र कुठेच नाही. उद्या कॅम्प हलवला तर जागेवर गवत उगवायला हवं. वीज सूर्याची. अंघोळीचं गरम पाणी सांगितल्या वेळी बादलीने वरच्या टाकीत ओततात, त्यामुळे फार वेळ गात बसता येत नाही. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच आहे, रात्री चांगलीच थंडी पडते. म्हणून अंथरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवतात. अंधारात तिला पाय लागला की शहरी माणूस हमखास ओरडतो.

कॅम्पभोवतीही कुंपण नाही. अंधार पडल्यावर जेवणाच्या तंबूपर्यंत एकट्याने जायचं नाही. टॉर्च हलवला की अस्कारी, म्हणजे इथला पहारेकरी, न्यायला येतो. त्याच्या खांद्यावर लाल चौकड्यांची शुका आणि हातात भाला असतो. तो बोलतो थोडं. टॉर्चचा झोत मात्र सारखा झुडपांवरून फिरवत असतो.

[दृश्य: रात्र. गाडीवरच्या दिव्याचा लाल झोत.]

राखीव क्षेत्रात संध्याकाळी गाड्यांना फिरणं थांबवून परतावं लागतं. ताडोबाला जाऊन आलेल्यांना गेटच्या वेळेची ती धावपळ माहीतच आहे. इथे जेवणानंतरही निघता येतं. प्राण्यांचे डोळे दिपू नयेत म्हणून दिव्यावर लाल काच. त्या उजेडात पांढऱ्या शेपटीचं मुंगूस दिसतं, कांगारूसारख्या उड्या मारणारा स्प्रिंगहेअर दिसतो. नशीब जोरावर असेल तर लांब नाकाचा, वाळवी खाणारा आर्डवार्क. माझ्या मते नाबोइशोला यायचं ते यासाठी आणि सकाळच्या पायी फिरण्यासाठी. सिंह काय, सगळीकडे दाखवतात. पण सिंहाच्या ताज्या पावलावर आपलं पाऊल ठेवून चालताना गाइड थांबला की श्वासही थांबतो, आणि तो अनुभव गाडीत बसून येत नाही.

[दृश्य: सिंहीण आणि बछडे. दूर एकच गाडी.]

आता या मोकळेपणाचं गणित. इथल्या कॉन्झर्व्हन्सींनी ठरवलेलं प्रमाण आहे, साधारण सातशे एकरांमागे एक तंबू. एका प्राण्याजवळ पाचपेक्षा जास्त गाड्या थांबू द्यायच्या नाहीत. म्हणजे खोल्या थोड्या आणि भाडं अवाच्या सवा. ते वसूल होतं ते चादरीत किंवा वाइनमध्ये नव्हे. पैसा जातो जमीन मोकळी ठेवायला.

[दृश्य: गव्हाची शेतं. तारेचं कुंपण.]

एकेकाळी ही सगळी सामाईक कुरणं होती, ‘ग्रुप रँच’च्या नावावर. पुढे त्यांची वाटणी झाली. या भागात अनेकांच्या वाट्याला दीडशेच्या आसपास एकर आले. दीडशे एकर ऐकून आपले डोळे विस्फारतात, पण इथे पाऊस ठिकठिकाणी पडतो. आज या टेकडीमागे, पुढल्या महिन्यात त्या. गुरांना पावसामागे फिरावं लागतं. एका तुकड्यावर कळप तगत नाही. मग मालकापुढे उरतं काय? तार घालायची, विकून टाकायची किंवा गव्हासाठी भाड्याने द्यायची. उत्तरेच्या लोइटा मैदानांवर गव्हाची शेतं पसरली, आणि तिथल्या विल्डबीस्टची संख्या १९७७ नंतरच्या वीस वर्षांत पाऊण हिश्शाहून जास्त घटली.

२०१० मध्ये नाबोइशोतल्या मालकांनी वेगळी वाट धरली. तुकडे पुन्हा एकत्र केले आणि कॅम्पवाल्यांना भाड्याने दिले. एकराला ठरलेलं भाडं थेट मालकाच्या खात्यात. पाहुणे आले काय, न आले काय, भाडं द्यायचंच, अशी ही बोली. पूर्वी पैसा राखीव क्षेत्राच्या गेटवर जमा व्हायचा आणि जमीनमालकाच्या हाती क्वचितच पडायचा. इथले बरेच गाइडही याच गावांतले. कोइयाकी गाइडिंग स्कूल २००५ मध्ये इथेच सुरू झालं.

[दृश्य: गुरं चारणारा पोरगा. मागे जिराफ.]

सगळं गोड आहे असं समजू नका. भाडं मिळतं ते ज्याच्या नावावर जमीन आहे त्याला, आणि कागदावर नावं बहुतेक पुरुषांची आहेत. वाटणीत ज्यांना काहीच मिळालं नाही, त्यांचं कुरण मात्र गेलं. गुरांना आत येऊ देतात, पण वेळापत्रकाने, ठरलेल्या पट्ट्यात. दुष्काळात हे वेळापत्रक पाळताना भांडणं होतात, आणि ज्याची गाय मरते आहे त्याची बाजू मला तरी चूक वाटत नाही.

२०२० मध्ये विमानं थांबली आणि तंबू ओस पडले. ‘पाहुणे न आले तरी भाडं’ या बोलीची तेव्हा खरी परीक्षा झाली. माराच्या अनेक कॉन्झर्व्हन्सींमध्ये मालकांना भाड्यात कपात सोसावी लागली. तरी बहुतेकांनी करार मोडले नाहीत.

[दृश्य: कॅम्पच्या टेबलावर बिल. पेन.]

बुकिंग करणार असाल तर एजंटला दोन गोष्टी विचारा. कॉन्झर्व्हन्सीची फी या दरात धरली आहे का? आणि कॅम्प कॉन्झर्व्हन्सीच्या आत आहे, की हद्दीबाहेर राहून आतले फोटो दाखवतो? बाहेरचा असेल तर स्वस्त पडेल, पण जमीनमालकांना त्यातून काय मिळतं, तेही मग विचारून घ्या.