काच एक
(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘औंध संस्थानातले पहिले कारखाने’. त्यावर येतोच. पण आधी सांगा, कंदिलाची काच पुसलेले इथे कितीजण आहेत? हात वर करा. बघा, सगळे पुढच्या रांगेतले, गुडघे दुखणारे!

आमच्या घरी नियम होता, ज्याचा हात काचेत जातो त्याचं काम. म्हणजे पोरांचं. हात अडकायला लागला की पोरगं मोठं झालं. मिसरुडाची वाट कोण बघतो? दिवस कलला की ओट्यावर तीन काचा मांडायच्या. चुलीतली राख, जुन्या धोतराचं फडकं. आत हा करून वाफ धरायची आणि मूठ घालून फिरवायची. मग वात कात्रीनं सरळ कापायची. एक टोक वर राहिलं की ज्योत जीभ काढते आणि तासाभरात काच एका अंगानं काळी.

एका बाजाराच्या दिवशी आजोबांच्या दुकानात ही गर्दी, आणि मी ओल्या हातानं पेटत्या कंदिलापाशी गेलो. एकच थेंब उडाला. टच्! आजोबा चकार शब्द बोलले नाहीत. उधारीची वही उघडली, माझ्या नावाचं खातं घातलं, लिहिलं, ‘काच एक’. आजी म्हणाली, “अहो, पोर आहे.” आजोबा म्हणाले, “म्हणून तर उधार दिली.”

हसू नका, माझा मुद्दा याच वहीत आहे. पणती वाऱ्यानं विझते, कंदील विझत नाही. बैलगाडीच्या आसाखाली टांगला की बाजारकरी अंधारातही घरी पोचतो. म्हणजे तो दिवेलागणीनंतरही बाजारात रेंगाळतो, आणि रेंगाळलेलं गिऱ्हाईक उधारी करतं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत. बरं, पळतो.

1909 साली बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधच्या गादीवर आले. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगाव सोडून कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या रानात आले, त्यांना जागा पंतांनी दिली. लोखंडी नांगर तयार झाला, तर शेतकरी म्हणे लोखंडानं जमीन नासते. मग 1916, ओगलेवाडी. तिथेही रेल्वे दाराशी, आजचं कराड स्टेशन तिथंच आहे. महायुद्धानं जर्मनीहून येणारी काच बंद पडलेली. ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला, पुढे कंदील केला आणि त्याला वडिलांचं नाव दिलं, ‘प्रभाकर’. तळेगावचा पैसा फंडाचा, म्हणजे लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतला, काच कारखाना त्याआधीचा, त्याच्यावर वेगळं व्याख्यान लावा, मी येतो.

तर माझं म्हणणं एवढंच, नांगरानं शिवार बदललं हे सगळे लिहितात. पेठ बदलली ती कंदिलानं. पुरावे आणले होते, पाच वह्या आहेत पिशवीत. चहाच्या वेळी दाखवतो. तिसरीत माझं खातं आहे, बाकी अजून येणे.