वैरी गेला, तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

१ मे २०११ च्या रात्री ओसामा बिन लादेन मारला गेल्याचं जाहीर झालं आणि व्हाइट हाउससमोर गर्दी लोटली. झेंडे, घोषणा, गाणी. त्या गर्दीला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही. ११ सप्टेंबर २००१ ला त्याच्या संघटनेच्या हल्ल्यांत जवळपास तीन हजार माणसं मेली, तेव्हा या गर्दीतली कितीतरी मुलं शाळेत होती. ती भीती उराशी घेऊनच ती मोठी झाली. त्या रात्री त्यांचं मन हलकं झालं असेल, तर त्यात गैर काय?

पण मन हलकं होणं निराळं आणि नाचणं निराळं.

मांडी फुटून पडलेल्या दुर्योधनाच्या डोक्याला भीमानं पाय लावला. भीमाचा संताप खोटा नव्हता, द्रौपदीची विटंबना त्यानं डोळ्यांनी पाहिली होती. तरी युधिष्ठिरानं त्याला अडवलं. ज्याचं राज्य गेलं, ज्यानं वनवास भोगला, त्यानंच! आणि रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराला कचरू लागला, तेव्हा राम त्याला म्हणाला, वैर मरणापाशी संपलं. आता हा जसा तुझा, तसाच माझाही.

हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला मात्र अलीकडची एक गोष्ट जास्त टोचते. सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष स्लोबोदान मिलोशेविच याच्यावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात २००२ पासून खटला चालू होता, युगोस्लाव्हिया फुटताना झालेल्या युद्धांबद्दल. आरोप वंशसंहाराचा, मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा. ११ मार्च २००६ रोजी तो कोठडीतच मेला. निकाल लागलाच नाही. ज्यांची माणसं गेली होती, ज्यांनी न्यायालयात उभं राहून ते सगळं पुन्हा आठवलं होतं, त्यांच्या पदरात काय पडलं? दोषी हा एक शब्द ऐकायचा होता, तोही नाही. त्यांनी आनंद करायचा तरी कशाचा?

माझ्या वडिलांना एका माणसानं वर्षानुवर्षं छळलं. खोट्या तक्रारी केल्या, चारचौघांत अपमान केला. तो गेल्याची बातमी आली तेव्हा मी विशीत होतो. "बरं झालं, सुटलो एकदाचे," मी मोठ्यानं म्हणालो. अण्णा काहीच बोलले नाहीत. रात्री अंथरुणावर पडल्यावर अंधारातच त्यांचा आवाज आला, "मी त्याचं काय वाकडं केलं होतं, हे विचारायचं राहूनच गेलं रे."